अडीच शेरांची पथारी

पौष महिन्यात, एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास खात्याचा शिपाई घरी आला. माझे पती छावणीवर तापाने वारले, असे त्याने सांगितले. जीप त्यांना घेऊन संध्याकाळपर्यंत इंदूरला पोहोचेल, असेही सांगितले. मी त्याला पाणी दिले. पाणी पिऊन तो गेला.

याला आता पुष्कळ वर्षे झाली. ते कसे गेले हे नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. छावणी, मावठा म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस, आणि न्यूमोनिया, एवढे तीन शब्द सांगितले की लोक मान हलवतात आणि विषय संपतो. पण त्याआधीच्या दोन वर्षांत आमच्या घरी एक वस्तू तयार झाली होती. ती त्यांनी केली होती, आणि ती त्यांची राहिली नाही. त्यात माझा हात होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

मध्य प्रदेश होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षे झाली होती. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागोमाग दफ्तरे गेली, आणि जुन्या दरबारी नोकरीतली इंदूरची मराठी माणसे संध्याकाळी राजवाड्यासमोर उभी राहून नव्या राज्याला नावे ठेवीत. माझे वडील त्यांतलेच. माझे पती मात्र नव्या राज्याच्या बाजूचे होते. सिंचन खात्याच्या सर्वेक्षणात ते ट्रेसर होते. म्हणजे मोजलेल्या जमिनीचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवून काढायचे. धरणे होतील, कालवे निघतील, माळव्यात दोन-दोन पिके येतील, असे ते जेवताना सांगत, आणि त्या भरात भाजी अळणी असली तरी त्यांना कळत नसे.

राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे एवढेसे अंगण, अशा भाड्याच्या घरात आम्ही तिघे राहत होतो. ते, मी, आणि त्यांची थोरली विधवा बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. वन्सं हातमशीनवर लोकांचे शिवण शिवत. मी इंटरपर्यंत शिकलेली, वाचनालयातून पुस्तके आणून वाचणारी. घरात त्यामुळे माझा जो काही मान वाढे तो वन्सं वेळच्या वेळी बेताचा करून ठेवत. "शिकलेल्या बाईनं फोडणी दिली की मोहरी पण इंग्रजीत तडतडते," असे त्या म्हणत. मूल आम्हांला नव्हते.

दिवाळी झाली की सर्वेक्षणाची छावणी निघे ती होळीला परत येई. साहेबांना तंबूत घडीची खाट मिळे आणि ती उचलायला खलाशी, म्हणजे सामान वाहणारा गडी, मिळे. ट्रेसर, मोजणीची साखळी ओढणारे चेनमन आणि खलाशी यांना एकेक सरकारी सतरंजी. आमची काळी माती वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल धरून असते, आणि हिवाळ्यात ती ओल वर येते. पहिल्या मोसमानंतर ते घरी आले तेव्हा खोकत होते आणि कमरेत वाकून चालत होते. वन्संनी ओव्याची पुरचुंडी गरम करून पाठ शेकली. ते पालथे पडून होते.

"ताई, आम्ही सगळे मूर्ख आहोत," ते म्हणाले. "दोन-दोन घोंगड्या पांघरतो आणि कुडकुडतो. थंडी वरून येतच नाही. खालून येते."

"मग घोंगडी खाली घाल ना."

"घातली की. सकाळी पिळून वाळत टाकली."

इथून ते सुरू झाले. छावणीवर निजायला एक पथारी करायची, जी एका माणसाला पाठीवर टाकून दिवसभर चालता येईल आणि जिच्यातून जमिनीची ओल वर येणार नाही. खाटेचा हक्क ज्यांना नाही त्यांच्यासाठी.

अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी शेतातली काळी माती आणून तिचा माणसाएवढा वाफा केला. रविवारी सकाळी त्याच्यावर पाणी शिंपडायचे, वर काहीतरी अंथरायचे आणि दोन तास पडून राहायचे. पहिल्याच रविवारी शेजारच्या माळवी गृहस्थांनी भिंतीवरून डोके काढले.

"भिया, घर में खटिया नी है क्या?"

"है. सरकारी काम चल रिया है," हे पडल्या पडल्या म्हणाले.

"सोने का?"

"सोने का."

"तो हमको भी लगवा दो यार इस महकमे में."

ओल कुठवर आली हे पाहण्याची त्यांची एक रीत होती. ती फक्त नकाशे काढणाऱ्यालाच सुचावी. कॉपिंग पेन्सिलीची रेघ कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागले की जांभळी होते. ते टिपकागदाच्या पट्ट्यांवर बोटाबोटाच्या अंतरावर ठिपके काढत आणि अंथरुणाच्या प्रत्येक थरामध्ये एकेक पट्टी ठेवत. दोन तासांनी उठून पट्ट्या ओळीने मांडत. जांभळे झालेले ठिपके मोजून वहीत उतरवत. शिंदीची चटई, गवत भरलेले पोते, काथ्या, जुनी रजई, सगळे जांभळे झाले. रजई वाळायला तीन दिवस लागले, आणि तिच्यावरून वन्सं जे बोलल्या ते दोन रविवार पुरले.

परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये त्यांच्या ओळखीचे विणकर होते. त्यांच्याकडून जाड कॅनव्हासचे तुकडे आणले. बाजारातले मेणकापड घडीवर तडकते म्हणून स्वतः मेण वितळवून त्यात थोडे एरंडेल घातले आणि ते कढत असतानाच कॅनव्हासवर ब्रशाने पसरले. आमच्या घरातले एक पातेले त्यात कायमचे गेले. भरायला साधा कापूस नको होता, कारण साधा कापूस पाणी पितो. सेमलचा, म्हणजे काटेसावरीचा, कापूस पीत नाही. महूच्या रस्त्याला सेमलची झाडे आहेत. वैशाखात बोंडे उकलली तेव्हा आम्ही दोघे सायकलींवरून गेलो आणि तीन पिशव्या भरून आणल्या. तो कापूस रेशमासारखा असतो आणि हवेपेक्षा हलका. बिया काढायला बसले की तो घरभर तरंगे. डाळीत सापडे, देवाच्या निरांजनात सापडे. "माझ्या नाकात काय पीक काढायचं आहे का तुला?" असे विचारत वन्सं तोंडाला पदर बांधून बिया वेचत राहिल्या. त्या दिवसांत आम्ही तिघे सुखात होतो. हे मला तेव्हा कळत नव्हते असे नाही. मला कळत होते.

कापूस एका पिशवीत कोंबला तर एका टोकाला जमून राही. म्हणून वन्संनी आडव्या नळ्या शिवल्या, चार-चार बोटांच्या, आणि लाटण्याने त्यांत कापूस भरला. आडव्या नळ्यांमुळे पथारीची गुंडाळीही नीट होई. पण त्या रविवारी पट्ट्या मांडल्या तेव्हा जांभळे ठिपके अगदी सरळ ओळींत आले होते. ते बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले. मग त्यांनी पट्टी पथारीवर धरली. प्रत्येक ओळ एका शिवणीवर पडत होती.

"ताई, तुझी सुई," ते म्हणाले.

"माझ्या सुईला काय झालं?"

"एकेक टाका म्हणजे एकेक भोक. तू खालपर्यंत टाके घेतलेस. पाणी तिथून वर येतं."

"मग बिनटाक्यांची शिव. बढिया होईल. मी आपली बसते जप करत."

पण वन्संचे ते बोलणे ऐकून यांनीच मार्ग काढला. नळ्या एका वेगळ्या पातळ कापडावर शिवायच्या आणि खालचे मेणकापड सबंध अखंड ठेवायचे, त्याला मध्ये सुई म्हणून लावायचीच नाही. ते फक्त काठांवर वर दुमडून बांधून टाकायचे. या पथारीत सगळे शहाणपण होते ते एवढ्यात होते. पुढच्या रविवारी एकही ठिपका जांभळा झाला नाही.

शेवटची गोष्ट लांबीची. अख्ख्या माणसाएवढी पथारी जड होत होती. ते म्हणाले, थंडी लागते ती खांद्यापासून मांड्यांपर्यंत. पायांखाली माणसाने आपला थैला घ्यावा. म्हणून त्यांनी ती साडेतीन फुटांवर कापली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या तराजूत ती अडीच शेर भरली. नवे किलो तेव्हा आले होते, पण वन्संनी शेरच विचारले.

त्या हिवाळ्यात ते ती घेऊन गेले आणि होळीला खोकल्यावाचून परत आले. सुट्टीच्या दिवशी छावणीवरचे चेनमन आणि खलाशी पाळीपाळीने तिच्यावर पडून पाहत, आणि प्रत्येक जण उठताना "बाबूजी, एक हमारे लिए भी" म्हणे, हे त्यांनी मला कितीदा तरी सांगितले. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. पुढची छावणी निघण्याआधी खात्याने ही पथारी सगळ्यांसाठी करून घ्यावी. त्यासाठी साहेबांकडे अर्ज द्यायचा होता.

आकृती त्यांनी काढली. तशी देखणी आकृती मी परत पाहिली नाही. पण चार वाक्ये लिहायची म्हटली की त्यांची शाई वाळून जाई. अर्ज मी लिहायचा असे ठरले. नव्या राज्याचे दफ्तर हिंदीत चालत होते आणि माझे हिंदी चांगले होते.

त्यांनी मला सांगितले ते असे: "लिही की ही मी केली. वजन इतकं, शिवण अशी. तळाला टाका नाही. सगळ्यांना द्या. बस."

मी तसे लिहिले. पण आरंभी एक वाक्य घातले: यह बिछौना श्रीमान् की ही सूचना और मार्गदर्शन से बन सका है.

ते कुठून आले हे सांगितले पाहिजे. माझे वडील दरबाराच्या दफ्तरात कारकुनीपासून वर चढलेले. त्यांच्या पिढीची एक रीत होती. हाताखालच्या माणसाने काही नवे केले, हिशेबाची पद्धत असो की बागेचा पाट असो, तर ते वरिष्ठांपुढे ठेवताना 'आपल्याच सूचनेवरून' असे लिहायचे. आपले नाव आपण पुढे करणे हा उद्धटपणा. आणि वरिष्ठांची रीत अशी की ते वाक्य त्यांनी स्वतःच्या कलमाने खोडायचे आणि समासात करणाऱ्याचे नाव लिहायचे. खोडलेल्या ओळीचा तो कागद मग घरात जपून ठेवत. वडिलांकडे असे तीन कागद होते. लहानपणी मला अक्षर शिकवताना त्यांनी ते दाखवले होते. त्या खोडण्याइतकी मोठी शाबासकी मला दुसरी माहीत नव्हती.

यांनी अर्ज वाचला आणि त्या वाक्यावर थांबले.

"साहेबांनी काय सूचना केली? त्यांना तर ठाऊक पण नाही."

"तसं लिहायचं असतं."

"पण खरं नाही ना हे."

"खरं म्हणून नाही लिहायचं. साहेब वाचतात आणि खोडतात. मग ते तुमच्या नावावर पक्कं होतं."

"आणि नाही खोडलं तर?"

"असं कोणी करत नाही," मी म्हणाले.

वन्सं मशीनवरून ऐकत होत्या. "सुई मी ओवली, तेव्हा तर कुठला साहेब आला नव्हता बाई," त्या म्हणाल्या.

मला राग आला. माझ्या वडिलांची रीत हा त्या घरात माझा एकमेव दागिना होता, आणि तिच्यावर कोणी हसलेले मला सहन होत नसे. हे माझ्या चेहऱ्यावर दिसले असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कागद पुढे ओढला आणि सही केली. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी सही केली. हे वाक्य मी आज प्रथम लिहिते आहे.

साहेब जबलपूरकडून बदलून आलेले. आमच्या दरबारी रीती त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी हे पुष्कळदा स्वतःला सांगितले आहे. पण आपण कधीच न केलेली सूचना आपणच केली असे कागदावर वाचल्यावर माणसाला काहीच वाटत नसेल, हेही मला पटत नाही. ते वाक्य त्यांना खरे वाटले की सोयीचे, ते तेच जाणोत.

सुरुवातीला सगळे चांगले दिसले. साहेबांनी अर्ज वाचला, पथारी हातात घेऊन पाहिली, यांच्या पाठीवर थाप मारली आणि नमुना म्हणून ती ठेवून घेतली. वर पाठवतो, म्हणाले. हे घरी आले ते पेढे घेऊन. वैशाख लागला, महूच्या रस्त्याला बोंडे उकलली. मी विचारले, जाऊ या का. ते म्हणाले, "आता कशाला? आता खातं ठेकेदाराकडून घेईल. आपल्या तीन पिशव्यांनी काय होतंय?" बोंडे उकलली, कापूस वाऱ्यावर गेला, पावसाळा आला. उत्तर नव्हते.

नवरात्रात परिपत्रक निघाले. दौऱ्यावर जाणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्यांसाठी सुवाह्य बिछौना मंजूर झाला होता. साहेबांच्या पदाचा उल्लेख करून त्यांच्या मार्गदर्शनाखाली तो तयार झाल्याचे लिहिले होते. लांबी सहा फूट, उशाला उशी, पितळी कड्या. खालच्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांना सतरंजी पूर्ववत्.

यांनी दोन दिवस थांबून साहेबांची भेट घेतली. संध्याकाळी घरी येऊन चपला काढल्या, पाय धुतले. मी समोर उभी होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आपने ही तो लिखा है."

एवढे सांगून ते चहा प्यायले. मला एक शब्द बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "अर्ज छान होता म्हणाले. भाषा बढिया." ते मला टोचून बोलले असते तर मला आज बरे वाटले असते. ते टोचून बोलणारे नव्हते. त्यांनी खरोखरच मला सांगण्यासारखी एक चांगली गोष्ट त्या भेटीतून शोधून आणली होती.

मी म्हटले, दुसरा अर्ज लिहिते. सगळे खरे लिहिते.

"दोन्ही अर्जांवर सही माझीच असेल," ते म्हणाले. "मग खोटा कोण ठरेल?"

आणि नमुना? तो भोपाळला गेला होता. भोपाळहून तो परत येणार नव्हता.

छावणी निघायला आठ दिवस उरले. वन्संनी कपाटातून कॅनव्हासचा उरलेला तुकडा काढला, मेणकापड निघाले, पण सेमल कुठेच नव्हती. दुकानातही नव्हती. तिचा मोसम वैशाखातला. वन्सं म्हणाल्या, "साधा कापूस भरते. काहीतरी तर होईल."

"ताई, साधा कापूस घाम पण पितो, दव पण पितो. एकदा भिजला की सतरंजीपेक्षा वाईट. सतरंजी निदान दुपारी वाळते."

"मग त्या साहेबाकडे माग. तुझीच आहे ना?"

"माझी नाही आता."

वन्संनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे न बोलणे त्या दिवसापासून सुरू झाले.

ते सतरंजी घेऊन गेले.

तेराव्यानंतर छावणीवरचे एक म्हातारे चेनमन त्यांचे सामान घेऊन आले. दाराशीच बसले, आत येईनात. मग वन्संनी त्यांना चहा दिला आणि विचारले, "शेवटी काय झालं ते सांगा. सगळं सांगा."

त्यांनी सांगितले. मावठा तीन दिवस पडला. तंबूभोवतीच्या चरांतून पाणी आत आले. दुसऱ्या दिवशी यांना ताप भरला. साहेब बंगल्यावर उतरले होते, जीपही तिकडेच होती. सामानाच्या तंबूत अधिकाऱ्यांच्या नव्या पथाऱ्या होत्या, चार, शिक्का मारून ठेवलेल्या. तिसऱ्या दिवशी भांडारवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर एक सोडली आणि यांना तिच्यावर निजवले.

"हम तो खुश हुए, माताजी," ते वन्संना म्हणाले. "हमने कहा, बाबूजी, आ गई आपकी चीज. उन्होंने हाथ फेरा. ऊपर फेरा, नीचे फेरा. फिर बोले, लंबी कर दी इन्होंने."

"आणखी?" वन्संनी विचारले.

"बोले, टांका नीचे तक ले गए. पानी आएगा."

"आलं?"

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लकीरें पड़ गई थीं माताजी, पीठ पर. सीधी-सीधी. जैसे रूल से खींची हों."

वन्सं उठून आत गेल्या आणि मशीनवर बसल्या. शिवायला काही नव्हते. त्या नुसत्या बसल्या.

आकृतीत तळाला टाका नाही हे यांनी स्पष्ट काढले होते. मी अर्जात तसे लिहिलेही होते. पण साहेबांनी बांधणी बळकट व्हावी म्हणून ठेकेदाराला खालपर्यंत टाके घ्यायला सांगितले असे पुढे कळले. ज्याने ती वस्तू केली त्याला विचारले असते तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. पण ती करणारा कोण हा प्रश्नच उरला नव्हता. त्याचे उत्तर माझ्या अक्षरात दफ्तरात होते.

साहेबांचे सांत्वनाचे पत्र आले. दिवंगत कर्मचारी कष्टाळू होते आणि बिछौन्याच्या कामी त्यांनी साहेबांना साहाय्य केले होते, असे त्यात लिहिले होते. मला वाटते साहेबांचा तोपर्यंत स्वतःवर पूर्ण विश्वास बसला होता.

मग मी भोपाळला पत्र लिहिले. सहा ओळी. पथारी माझ्या पतींनी केली, ती कशी केली, अर्ज मी लिहिला, त्यातले पहिले वाक्य शिष्टाचाराचे होते आणि ते खरे नव्हते. नमस्कार वगैरे काही घातले नाही. चार महिन्यांनी उत्तर आले. सोबत मूळ अर्जाची प्रमाणित नक्कल जोडली होती. ते वाक्य लाल शाईने अधोरेखित केले होते. खाली यांची सही होती. नक्कल करणाऱ्या कारकुनाने सहीसुद्धा काळजीपूर्वक उतरवली होती.

नक्कल मी वडिलांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, "वाक्यरचना निर्दोष आहे." आणि थोड्या वेळाने, "खोडायला हवं होतं त्यांनी." मी त्यांच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा का ठेवली होती कोण जाणे. त्यांचा दरबार गेला होता, त्यांच्या जगात अजून साहेब लोक ओळी खोडत होते. त्या जगात मी त्यांना तसेच सोडून आले. पुढे त्यांच्या घरी जाणे कमी केले.

मला एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मी मराठी आणि हिंदी शिकवले, पत्रलेखनही. मुलींनी अर्जात 'आपल्या कृपेने' असे लिहिले की मी गुण कापत असे. काही मुली रडत. एका मुलीची आई भांडायला आली, म्हणाली, नम्रता शिकवायची सोडून हे काय. मी तिला काही समजावून सांगितले नाही. ते गुण मी परत दिले नाहीत.

वन्संशी याविषयी माझे एकदाच बोलणे झाले. तिसऱ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पाने उचलताना त्या म्हणाल्या, "तो तुला नाही म्हणू शकत नव्हता. तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं," मी म्हणाले.

"मग झालं."

त्यानंतर आम्ही घर बदलले, दोघींनी मिळून. वेगळे राहण्याचा विचार आमच्यापैकी कोणी कधी मांडला नाही. आम्हां दोघींनाही दुसरे जवळचे कोणी नव्हते, आणि एकमेकींसमोर काही लपवायचे उरले नव्हते. रागावर संसार होत नाही म्हणतात. आमचा झाला.

वन्संना आता दिसत नाही. त्यांच्या सासरकडचा एक पुतण्या देवासला असतो, त्याला त्या महिन्यातून एकदा पत्र पाठवतात. त्या सांगतात, मी लिहिते. त्या सांगतात तेवढेच लिहिते. लिहून झाले की त्या सगळे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतात आणि मगच बोट टेकवून सहीची जागा विचारतात.